न काळवंडणारं तांबं

"काटा पडलाय. पुन्हा पाहा."

हे वाक्य ऋजुता वडके त्या सकाळी सातव्यांदा बोलली, आणि तेही कुणाला, तर जन्मदात्या बापाला.

समोर अण्णा बसले होते. मनोहर वडके, वय अडुसष्ट, जुन्या नाशकातले तांबट. आयुष्यभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवून हंडे, घंगाळी, कळशा घडवलेला माणूस. दोन मुठींत तांब्याच्या दोन गुळगुळीत नळ्या धरून ते खुर्चीत ताठ बसले होते. नळ्यांच्या वायरी टेबलावरच्या यंत्रात गेल्या होत्या. यंत्राची तबकडी ऋजुताकडे होती. अण्णांना दिसत होती ती यंत्राची पाठ आणि लेकीचा चेहरा. चेहरा तरी कसला? वाचकानं बैठकीत ठेवायचा तसा, कोरा.

"पुन्हा काय पाहू गं?" अण्णा म्हणाले.

"बैठकीत 'गं' म्हणायचं नसतं. इथे मी वाचक आहे."

"बरं बाई. पुन्हा काय पाहू, वाचक?"

ऋजुतानं प्रश्न जसाच्या तसा वाचला. "ऋजुता वडके आपल्या आयुष्यात नसती तर बरं झालं असतं, असं आपल्याला कधी वाटलं आहे?"

"नाही म्हणून सांगितलं ना सात वेळा!"

काटा सळसळून उजवीकडे पडला. ऋजुताच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पंधरा महिन्यांचं प्रशिक्षण होतं तिचं. "काटा पडलाय," ती म्हणाली. "पुन्हा पाहा."

आता हा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे. गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. पंधरा वर्षांपूर्वी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुरू झालेला 'निर्मळ परिवार' तोवर गावोगाव पसरला होता. दुःखी माणसानं यायचं, नळ्या हातात धरायच्या, वाचकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. काटा जिथे पडेल तिथे मनात काही अडलंय असं समजायचं आणि काटा पडायचा थांबेपर्यंत खणत राहायचं. सगळं खणून झालं की 'निर्मळपत्र' मिळे. कायद्यानं कुणावर सक्ती नव्हती हो! पण लग्नाच्या स्थळांपासून सोसायटीतल्या भाडेकरूपर्यंत जो तो विचारायचा, पत्र आहे का? नसलं तर समोरचा 'काही हरकत नाही' म्हणायचा आणि पुन्हा फोन उचलायचा नाही.

यामागचं विज्ञान मात्र खरं होतं. म्हणूनच तर माणसं फसली. उकाड्यानं कपाळाला घाम येतो, पण तळहाताला येतो तो मुख्यतः मनाच्या घालमेलीनं. माणूस दचकला, लाजला, घाबरला की मेंदूतून निघालेला इशारा एक-दोन सेकंदांत तळहातातल्या घर्मग्रंथींपर्यंत पोचतो, कातडी किंचित ओलावते आणि विजेला वाट सोपी होते. नळ्यांमधून अर्ध्या व्होल्टचा, हाताला जाणवणारही नाही एवढा प्रवाह सोडला की हा फरक मोजता येतो. कातडीचा रोध उतरला की काटा पडतो. हे दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. पण काटा सांगतो ते एवढंच, की काहीतरी झालं. काय झालं आणि का झालं, ते त्याला कुठून कळणार? प्रश्नानं दचकलात काय आणि खुर्चीखालून मांजर गेलं म्हणून दचकलात काय, काट्याला दोन्ही सारखंच.

परिवारात मात्र शिकवत, काटा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

ऋजुता इथे आली ती आईमागे. आई गेली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्यानंतर घरात दोघंच, आणि अण्णा तर तोंडातून शब्द न काढणारे. चौदावा झाला त्या दुपारी ते हातोडा घेऊन बसले ते बसलेच. घरात नुसता ठोक्यांचा आवाज. पुढे कितीतरी वर्षं ती आतल्या आत घुसमटत राहिली आणि एक दिवस मैत्रिणीबरोबर केंद्रात गेली. तिथे कुणीतरी तिला दोन तास ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतलं! तेवढ्यासाठी ती परिवाराची झाली. अण्णांना ते पटलं नव्हतं. "माणसाचं ऐकायला मधे डबा कशाला लागतो?" असं ते एकदाच म्हणाले आणि तिनं त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला.

आता ती नाशिक केंद्राची मुख्य वाचक होणार होती. त्यासाठी नियम असा, की घरातलं जवळचं प्रत्येक माणूस बैठकीला बसलं पाहिजे, आणि तेही वाचकाच्याच समोर. घरातलं माणूस म्हणजे अण्णा. नवरात्राच्या कलशांची ऑर्डर अंगावर असतानाही ते लेकीच्या शब्दाखातर अर्धा दिवस काम बंद ठेवून आले होते.

"काटा पडलाय. पुन्हा पाहा."

आठ. नऊ. दहा. अण्णांचा घसा कोरडा पडला. त्यांनी पाणी मागितलं, पण नळ्या सोडायच्या नाहीत असा नियम. आयुष्यभर मापात काम केलेला माणूस तो; वजनकाट्यानं कमी दाखवलं तर काट्यावर नाही, स्वतःच्या हातावर शंका घेणारा. इतका वेळ काटा पडतोय म्हणजे आपल्याच आत काही असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते डोळे मिटून शोधायला लागले.

अकराव्या वेळी ते म्हणाले, "तू झालीस तेव्हा मी तीन दिवस दवाखान्यात आलो नव्हतो."

ऋजुताचा पेन थांबला.

"मुलगा हवा होता मला. भट्टीसमोर बसायला. मुलगी झाली कळलं आणि मी दुकानाचं दार लावून घेतलं. तुझ्या आईनं कधी बोलून दाखवलं नाही. तुलाही सांगितलं नसेल."

काटा शांत झाला. तबकडीच्या मध्यावर येऊन अगदी स्थिर राहिला. ऋजुतानं वहीत वेळ लिहिली, अण्णांचे शब्द लिहिले आणि "धन्यवाद, बैठक संपली," असं ठरलेलं वाक्य म्हटलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

अण्णांनी नळ्या खाली ठेवल्या. ठेवता ठेवता सवयीनं एक उचलून उजेडात धरली, अंगठा फिरवला. "या नळ्या कुणी केल्या?"

"मुख्यालयाकडून आल्यात. मार्चमध्ये. का?"

"काही नाही. फार चकाकतात," अण्णा म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

*

केंद्रप्रमुख शर्वाणीताई गोड बोलायच्या. समोरच्याचा हात हातात घेतल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताचा हात धरला आणि तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला.

"गाठपत्र आहे," त्या म्हणाल्या. "तुला नवीन नाही."

नवीन कसलं! ऋजुतानं मार्चपासून अशा एकोणीस पत्रांवर लोकांच्या सह्या घेतल्या होत्या. ज्याच्या मनात आपल्याबद्दल विष आहे असं काट्यानं दाखवलं, त्या नातेवाइकाशी असलेली गाठ सोडायची. बोलायचं नाही, भेटायचं नाही, आजारपणात जायचं नाही. शब्द किती मऊ निवडला होता पाहा. गाठ सोडवणे! जणू वेणीतली रिबिन सोडवतोय. सुना सासवांपासून सुटल्या, मुलं आयांपासून सुटली, आणि ऋजुता प्रत्येकाला पेन पुढे करत म्हणाली होती, आता हलकं वाटेल.

"ताई, ते खूप जुनं आहे. चौतीस वर्षांपूर्वीचं."

"जुनं म्हणजे मुरलेलं. तुझी प्रगती कशानं अडते ते तू स्वतःच बैठकांमध्ये सांगत होतीस ना? आता काट्यानंही तेच सांगितलं." शर्वाणीताईंनी तिचा हात थोपटला. "आठ दिवस घे. पुढच्या शनिवारी वाचकसभेत सही कर. त्याच सभेत तुझं नाव जाहीर करू. नाही केलीस तर मात्र मला तुझंही निर्मळपत्र मागे घ्यावं लागेल, आणि मग इथल्या कुणालाच तुझ्याशी बोलता येणार नाही."

म्हणजे एकीकडे बाप, दुसरीकडे तिला ऐकून घेणारं सगळं जग. निवडा आणि सही करा.

खरं सांगायचं तर ऋजुता सही करण्याच्या बेतात होती. तीन दिवस! आईला टाके पडलेले, शेजारी पाळणा, आणि हा माणूस दार लावून बसला होता. तिला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. काट्यानं दाखवलं नसतं तर मरेपर्यंत कळलं नसतं, असंही तिला वाटे, आणि त्या यंत्राबद्दल तिच्या मनात भीती आणि आदर दोन्ही वाढे.

बुधवारी दुपारी ती केंद्रातून गल्लीतल्या दुकानात गेली, घर त्याच्याच मागे होतं. अण्णांना सांगून टाकायचं आणि आपले चार कपडे उचलायचे, एवढंच ठरवून.

अण्णा मठारकामात होते. घडवलेल्या भांड्यावर ओळीनं बारीक ठोके देत जायचं, म्हणजे पत्रा कठीण होतो आणि अंगावर चंद्रकोरींसारख्या खुणा उमटतात, ते मठारकाम. तिला पाहून त्यांनी हातोडा ठेवला. बाजूला पाण्याचा एक बाजारू तांब्याचा जग पडला होता, यंत्रावर दाबलेला, आरशासारखा चकचकीत.

"हा कुठला?" काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली.

"सोनवण्यांच्या सुनेचा. पाणी प्यायला घेतला बिचारीनं. म्हणते, वर्षभर वापरते, पण एक डाग नाही. मी म्हटलं, अगं, डाग पडेल कसा? हा शोकेसमधे ठेवायचा माल आहे. वर पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, काचेसारखं. त्या पाण्याला वर्षभरात तांबं शिवलेलंच नाही." त्यांनी जगाच्या काठावर पॉलिश पेपर घासला. पातळ पापुद्रा निघाला आणि खालून गुलाबी तांबं दिसलं. "तुमच्या त्या नळ्यांना हेच मारलंय."

"काय?"

"त्या दिवशीच दिसलं मला. म्हटलं, तुझ्या कामात कशाला नाक खुपसा. मार्चपासून दिवसाला दहा माणसं घामेजल्या हातांनी धरतात म्हणतेस, आणि नळी कशी, तर आजच दुकानातून आणल्यासारखी. अगं, तांब्याला हात लागला की तांबं काळवंडणारच. काळवंडलं नाही, तर हात लागलाच नाही."

ऋजुता उभी होती ती तिथेच रिकाम्या पिंपावर बसली.

जुन्या नळ्या काळ्या पडायच्या. किती काळ्या! रोज सकाळी सगळ्या वाचक बायका मोरीपाशी बसून चिंच-मिठानं त्या घासायच्या, गप्पा मारायच्या, हात आंबट व्हायचे. मार्चमध्ये नव्या आल्या त्या 'घासू नयेत' अशा चिठ्ठीसह, आणि सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. आणखी एक गोष्ट तिला आठवली. मजुराच्या, सुताराच्या घट्टे पडलेल्या हातांवर जुना काटा जेमतेम हलायचा. जाड कातडीतून प्रवाह नीट जातच नाही. अण्णांचे तळहात म्हणजे तर नुसते घट्टे. मग त्यांच्यावर काटा इतका सळसळून पडला कसा?

"अण्णा, लॅकरमधून वीज जाते?"

"मोटारीच्या तांब्याच्या तारेला काय असतं वरून? लॅकरच की. गेली असती तर सगळ्या मोटारी जळाल्या नसत्या का?"

कपडे न उचलताच ती परत निघाली. अण्णांनी चहा विचारला तेही तिला ऐकू आलं नाही.

*

गुरुवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी ऋजुता आपल्या खोलीत गेली. वाचकांची रोजची एक रीत होती. 'शून्य पाहणे'. ठरावीक रोधाची एक खुंटी यंत्राच्या खोबणीत घालायची, काटा मध्यावर आला की यंत्र बरोबर. गेले सहा महिने बारा वाचक रोज सकाळी इमानेइतबारे शून्य पाहत होत्या. पण खुंटी जायची ती थेट यंत्रात, नळ्या काढून! नळ्या कुणी तपासल्याच नव्हत्या. नळीत काय तपासायचं? तांब्याचीच तर आहे.

तिनं कोपऱ्यावरच्या वायरमनकडून आणलेला मीटर काढला आणि त्याची दोन टोकं नळीच्या पोटावर टेकवली. मीटर गप्प. दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. गप्प. मग तिनं नळीवर एका ठिकाणी पॉलिश पेपर घासला, दोन खरडलेल्या जागांवर टोकं ठेवली, आणि मीटर पीं करून वाजला.

तिनं दोन्ही नळ्या वायरींनी खिडकीला टांगल्या. हवेत. यंत्र सुरू केलं, अण्णांची नोंद उघडली, खुर्चीत बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "ऋजुता वडके आपल्या आयुष्यात नसती तर बरं झालं असतं, असं आपल्याला कधी वाटलं आहे?"

काटा सळसळून उजवीकडे पडला.

"अरे देवा," ती मोठ्यानं म्हणाली.

केंद्रातल्या या चौथ्या आवृत्तीच्या यंत्रात एक सोय होती, ती प्रशिक्षणात ओझरती सांगितली गेली होती. हातांकडून येणारा संकेत कधी क्षीण असतो, मधेच तुटतो. अशा वेळी काटा अडखळू नये म्हणून यंत्र अंदाज करतं. बसणाऱ्याची माहिती, त्याच्याबद्दल इतर बैठकांमध्ये निघालेलं बोलणं, कानावर पडलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर, हे सगळं जुळवून 'इथे काटा पडायला हवा' असं ठरवतं आणि फटी बुजवतं. मूळ कल्पना चुकीची नव्हती. क्षणभराच्या तुटीसाठी होती. पण नळ्यांतून संकेत येणंच बंद झालं तेव्हा यंत्रानं बोंब मारायला हवी होती. त्याला तसं शिकवलेलंच नव्हतं. त्यानं ती तूटही फटच समजून बुजवली. सगळी बैठक अंदाजानं. काटा आता हातांवर चालतच नव्हता. फायलीवर चालत होता.

मुख्य वाचकाच्या परीक्षेसाठी तिला अंदाजाची पानं उघडायची परवानगी मिळाली होती. तिनं अण्णांचं पान उघडलं. अंदाजाचा आधार म्हणून खाली तारखा होत्या. त्या तारखा अण्णांच्या नव्हत्या. तिच्या होत्या. "माझ्या वडिलांना मी नकोशीच होते बहुतेक." "आई गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." "त्यांना मी पुढे गेलेली बघवत नाही." चार वर्षांपूर्वी, रडत रडत, मन मोकळं करायला म्हणून तिनं याच केंद्रात काढलेले उद्गार. यंत्रानं तिचीच तक्रार उचलली होती, काट्यावर चढवली होती आणि बापाच्या मनातलं सत्य म्हणून तिलाच वाचायला दिली होती.

आणि तिनं वाचली. अकरा वेळा, कोऱ्या चेहऱ्यानं.

त्या माणसानं पाणी मागितलं होतं आणि मी दिलं नाही, हे तिला आता आठवलं, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना.

*

"मला माहीत आहे," शर्वाणीताई म्हणाल्या.

ऋजुताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय माहीत आहे?"

"नळ्यांचं. मुख्यालयाला एप्रिलमध्येच कळलं. शोभेच्या वस्तू करणाऱ्या कारखान्यात ऑर्डर गेली, त्यांनी त्यांच्या सवयीनं लॅकर मारलं. चूक झाली."

"मग बदलल्या का नाहीत?"

शर्वाणीताईंनी हात पुढे केला. ऋजुतानं आपला मागे घेतला. तेव्हा त्या जराशा कोरडेपणानं म्हणाल्या, "कारण परिणाम सुधारले. आधी पाच बैठकांमध्ये माणूस मोकळा व्हायचा, आता दोनात होतो. काटा कशानं पडतो याला महत्त्व नाही गं. पडल्यावर माणूस बोलतो की नाही? तुझे वडील खोटं बोलले का? त्या तीन दिवसांचं खरंच होतं ना?"

"ताई, अकरा वेळा 'पुन्हा पाहा' म्हटल्यावर कोण काही शोधून देणार नाही? तुम्ही बसा उद्या समोर, बारा वेळा विचारते, तुम्हीही द्याल काढून! अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या मनात खणलं की काहीतरी सापडणारच. म्हणून काय ते विष होतं? आणि तेवढ्यावर मी एकोणीस घरं तोडली? लोकांना वाटलं आपल्या हातांनी कबुली दिली. हात लागलाच नव्हता कुणाचा! लाज वाटायला हवी आपल्याला, मला आणि तुम्हाला!"

"आवाज खाली. शनिवारी सही कर, नाहीतर जा."

शनिवारी ती वाचकसभेला गेली, पण सहीसाठी नाही. बाकीच्या अकराही वाचकांसमोर तिनं नळ्या खिडकीला टांगल्या, लॅकर म्हणजे काय ते सांगितलं आणि रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारला. काटा पडला. सगळ्यांनी पाहिला. तिला वाटलं, झालं, आता उठतील सगळ्या.

मग पहिल्या रांगेतली सगळ्यात जुनी वाचक शांतपणे म्हणाली, "खोलीत कुणाच्या तरी मनात असेल तसं. काट्यानं तेच धरलं."

"खरंच की," दुसरी म्हणाली. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना हलल्या, आणि बावीस डोळे ऋजुताकडे वळले. तिच्याच मनात असणार. दुसरं कोण?

तिनं कपाळावर हात मारला. चार वर्षं जिथे बसून तिनं जगाला निर्मळ केलं होतं तिथून ती बाहेर पडली, ती एक नळी पर्समध्ये टाकूनच.

*

अण्णा कलशांना शेवटचा हात फिरवत होते. तिनं सगळं सांगितलं. फाईल, अंदाज, तिचे स्वतःचे शब्द, काहीही लपवलं नाही. ऐकताना त्यांनी मान वर केली नाही. शेवटी ती म्हणाली, "माझ्या बोलण्यावरून काटा पडत होता, अण्णा. तुम्ही काही केलं नव्हतं."

"तीन दिवसांचं खरं होतं पण," अण्णा म्हणाले.

"ते असू दे."

"असू दे कशाला? खरं होतं ते." त्यांनी कलश खाली ठेवला. "चौथ्या दिवशी आलो होतो मी. तुझ्या आईनं तुला माझ्या हातात दिलं, आणि तू माझं बोट धरलंस. घट्टा पडलेलं, काळं बोट. सोडेचनास. नर्स हसायला लागली. मी संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिलो, पाय भरून आले तरी. ते सांगायचं होतं मला त्या दिवशी. पण काटा थांबला आणि तू म्हणालीस, धन्यवाद, बैठक संपली."

ऋजुतानं त्यांचा हात धरला आणि घट्ट्यांवर कपाळ टेकून खूप वेळ रडली. आणि रडता रडता तिला एकदम त्या एकोणीस जणांची आठवण झाली. त्यांचाही कुणाचा तरी चौथा दिवस असणार. तो कुणी विचारला होता? तिनं तर नाहीच.

"अण्णा, रिक्षा सांगा," ती तोंड पुसत म्हणाली. "मला पंचवटीत जायचंय."

"मी येतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पॉलिश पेपर खिशात घातला.

पंचवटीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विमल पारखे राहत. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्या मुलीनं, मैथिलीनं, मे महिन्यात आईची गाठ सोडली होती. आईला बैठकीत बसवणारी वाचक ऋजुता आणि मैथिलीपुढे पेन धरणारीही ऋजुताच. दार उघडल्यावर बाई तिला ओळखून चपापल्या आणि दोन पावलं मागे सरल्या.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

ऋजुतानं दारातच नळी काढली. अण्णांनी पॉलिश पेपर घासून पापुद्रा काढून दाखवला. तिनं सांगितलं, सोप्या शब्दांत, दोनदा, की तुमच्या हातांचा त्या काट्याशी काही संबंध नव्हता. तो मैथिलीच्या जुन्या बोलण्यावरून पडत होता.

विमलबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण माझ्या मनात तसं होतंच हो. मी खूप शोधलं नंतर. पाच महिने शोधतेय. ती लहान असताना एकदा मी चिडून म्हणाले होते, तू झाली नसतीस तर मी मुख्याध्यापिका झाले असते. म्हणजे काटा बरोबरच पडला ना?"

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईवर नाही. त्या खोलीवर, त्या नळ्यांवर, त्या कोऱ्या चेहऱ्यावर. पाच महिने ही बाई एकटी या घरात बसून स्वतःलाच विचारत होती, पुन्हा पाहा, पुन्हा पाहा. आता वाचकाचीही गरज उरली नव्हती.

ती उंबऱ्यावरच बसली. "बाई, चिडून बोललात, बरं. मग पुढे काय झालं?"

"कधी?"

"त्याच दिवशी. चिडलात, ती रडली असेल. मग?"

विमलबाई गोंधळल्या. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही. "मग... मग मी तिला जवळ घेतलं. साखरभात केला तिच्यासाठी. साखरभात फार आवडायचा तिला."

"मैथिलीला फोन लावा," ऋजुता म्हणाली.

"ती उचलत नाही माझा."

"मग माझ्या फोनवरून लावते. वाचकाचा फोन आहे, मी बाहेर पडले ते तिला अजून कळलं नसेल, उचलेल." तिनं नंबर शोधला. पलीकडे घंटा वाजायला लागली. "आणि तिनं उचलला की साखरभाताचं आधी सांगा."